अण्णांच्या हातच्या नूडल्स

चाख्याला पगार मिळायचा तो थुंकण्याचा. हे वाक्य त्याचंच. नवी ओळख झाली की तो हे टाकायचा, समोरचा बुचकळ्यात पडला की खूश व्हायचा आणि मग सगळं सविस्तर सांगत बसायचा. पाकिटातल्या नूडल्स बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चव बघायच्या कामावर होता. बसायला एक अरुंद खण, दोन्ही बाजूंना पांढऱ्या फळ्या, समोर एक झडप. झडप वर सरकायची, आतून एक हात वाटी पुढे ढकलायचा. डोक्यावर लाल दिवा, म्हणजे रंग बघून जिभेनं फसायला नको. चाख्या घास घ्यायचा, तोंडात घोळवायचा, शेजारच्या कागदी पेल्यात थुंकायचा, कोमट पाण्याचा घोट घ्यायचा आणि सांगायचा: मीठ कसं, तिखट कधी लागलं, शेवटी जिभेवर काय राहिलं. मग म्हणायचा, "पुढचा." म्हणजे पुढचा नमुना येऊ दे. गिळायचं नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम. दिवसभर गिळत बसलं तर माणूस काही दिवसांनी त्या खणात मावायचा नाही, आणि भरल्या पोटी जीभही सुस्तावते.

कामात मात्र तो पक्का होता. मिठाचा एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी त्याला कळायचं, आणि आपल्याला कळतं हेही त्याला फार चांगलं कळायचं. चाख्या हे नाव ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. त्याला ते पदवीसारखं वाटायचं. घरी मात्र नूडल्स शिजवायची बंदी होती. ते म्हणजे कामाची फाइल घरी आणल्यासारखं, असं तो म्हणायचा. बायकोनंही लग्न झाल्या झाल्या त्याला बजावून ठेवलं होतं की माझ्या स्वयंपाकघरात तो थुंकायचा पेला दिसला, तर पेल्याबरोबर तूही बाहेर जाशील. पेला कधी घरी आला नाही. सवय मात्र रोज त्याच्याबरोबरच घरी यायची, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

आता अण्णांचं सांगायला हवं. अण्णा म्हणजे त्याचे सासरे. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. उंच इमारतींच्या पोटात, तेलकट दोरांच्या मधोमध उभे राहायला ते कधी घाबरले नाहीत, पण स्वयंपाकघरात पाय टाकायचे ते फक्त पाणी प्यायला. सासूबाई होत्या तोवर ते खपून गेलं. त्या गेल्या आणि अण्णांची पंचाईत झाली. खानावळीत जाऊन पाहिलं, पण अनोळखी माणसांच्या रांगेत बसून घास घशाखाली उतरेना. शेवटी लेकीनं फोनवरून शिकवलं: पाणी उकळा, पाकीट फोडा, पुडी टाका, ढवळा. पाकीट कुठलं, तर दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असतं ते, वाकून घ्यावं लागतं ते. चाख्याच्याच कारखान्याचं.

पहिल्यांदा लगदा झाला. नंतर खारट पाण्यात पोहणारे धागे झाले. तेव्हा अण्णांच्यातला मेकॅनिक जागा झाला. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशानं चाललं ते कळत नाही, हा त्यांचा जन्माचा नेम; तो त्यांनी नूडल्सला लावला. एके दिवशी फक्त पाणी कमी केलं. मग पुडी पाण्यात न टाकता लसणाबरोबर तेलात परतून पाहिली, ती करपली. मग आच मंद केली, तर तीच पुडी अशी काही खुलली की शेजारीण विचारायला आली, आज पाहुणे आहेत का म्हणून. नूडल्स वेगळ्या उकळून त्यांचं पिठूळ पाणी टाकून द्यायचं, हे त्यांना बऱ्याच उशिरा सुचलं. अंडं तसंच फोडून घातलं तर गुठळ्या होतात, फेटून बारीक धार धरली तर मऊ पदर सुटतात. भरडलेले भाजके शेंगदाणे वरून. लिंबू चुलीवर पिळलं तर कडवट, खाली उतरवून पिळलं तर सगळ्याला जाग येते.

आणि हे सगळं रोज संध्याकाळी लेकीला फोनवर. आई गेल्यावर बापलेकीत बोलायला काही उरलंच नव्हतं. जेवलात का, हो. गोळी घेतली का, हो. मग दोघंही फोन कानाला लावून गप्प. नूडल्सनी ती कोंडी फोडली. लसूण ठेचायचा की चिरायचा यावर त्यांचं अर्धा तास चालायचं, आणि बोलता बोलता कधीतरी आईचाही विषय निघून जायचा, न रडता. चाख्या शेजारच्या खोलीतून ऐकायचा आणि गालातल्या गालात हसायचा. सासरेबुवांची प्रयोगशाळा, असं त्यानं त्याला नाव ठेवलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो हे किस्से रंगवून सांगायचा, अण्णांचा आवाज काढून. लोक पोट धरून हसायचे.

अण्णांचं हृदय मधूनमधून ठोका चुकवायचं. बऱ्याच गोळ्या बदलून झाल्यावर एक लागू पडली होती. तरी एकट्यानं राहायचं वय नव्हतं, म्हणून बायकोनं धोशा लावला की आता आमच्याकडेच या. अण्णांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "आधी आठ दिवस राहून बघतो. मी तुम्हाला जड होतो की तुम्ही मला, ते कळेल." एक पिशवी घेऊन ते आले. पिशवीत दोन जोड कपडे, गोळ्या, आणि खालच्या फळीवरची पाकिटं. लेकीला एकदा करून घालायचं होतं. आजवर तिनं ते सगळं नुसतं कानानंच खाल्लं होतं.

ती संध्याकाळ चाख्याला जन्मात विसरता येणार नाही. कारखान्यात त्या स्वस्त पाकिटाला आणखी स्वस्त करायचं चाललं होतं, आणि दिवसभर त्याच्यापुढे एकाच चवीच्या वाट्या येत होत्या, केसाएवढ्या फरकाच्या. जीभ लाकूड झाली होती. घरी येऊन तो टेबलाशी बसला तेव्हा अण्णा त्याच्या बायकोचा ॲप्रन बांधून ओट्याशी उभे होते. ऐन वेळी घरात लिंबू नाही असं निघालं, म्हणून बायको खालच्या दुकानात पळाली. नूडल्सना थांबता येत नाही, त्या फुगतात. अण्णांनी पहिली वाटी जावयापुढे ठेवली. लिंबू यायचंय, तोवर एक घास बघा, असं काहीतरी म्हणाले, आणि हातात डाव घेऊन तिथंच उभे राहिले. ज्याचा हा धंदा, त्याच्यापुढे त्यांनी वाटी ठेवली होती.

चाख्याचं लक्ष कुठं होतं देव जाणे. त्यानं घास घेतला, घोळवला, हाताशी रिकामा पेला होता तो उचलला आणि त्यात थुंकला. पाण्याचा घोट घेतला. मग भिंतीकडे बघत, रोजच्या आवाजात म्हणाला, "मीठ थोडं वर. तिखट उशिरा. शेवट बोथट. पुढचा."

अण्णांनी मागं वळून ओट्याकडे पाहिलं. खरोखरच पाहिलं, पुढचा कुठं राहिला म्हणून.

"पुढचा नाहीये," ते म्हणाले. "एवढंच केलंय मी."

तेव्हा चाख्या भानावर आला. कानशिलं तापली. तो हसला, म्हणजे हसायला गेला, सवय हो अण्णा, मेली सवय, असं काहीबाही बोलत त्यानं वाटी पुन्हा पुढे ओढली. पण अण्णांनी ती हलक्या हातानं काढून घेतली होती. असू दे, असू दे, म्हणत त्यांनी वाटी, कढई, सगळं सिंकमध्ये रिकामं केलं. पेलाही त्यांनीच उचलला. चाख्या अर्धवट उठला तर त्याला हातानंच बसवलं, आणि जावयाचं थुंकलेलं स्वतः धुऊन पेला पालथा घातला. लिंबू घेऊन बायको दारात आली तेव्हा ते हात पुसत होते. सगळं बिघडलं ग, ते तिला म्हणाले. या गोळीनं हल्ली तोंडाला चवच नाही, मीठ किती पडलं कळलंच नाही. ती हळहळली, मग उद्या करू म्हणाली. उद्या अण्णांचं पोट ठीक नव्हतं. परवा त्यांना घरची काळजी लागली. आठ दिवस भरायच्या आत ते पिशवी घेऊन निघाले.

जाताना त्यांनी जावयाला नेहमीसारखा नमस्कार केला. चाख्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हातारा बोलला नाही, प्रकरण मिटलं. माणसाला पहिल्यांदा असंच वाटतं. लाज सामान घेऊन मागाहून येते आणि मग हलत नाही.

पुढं फोन आखडत गेले. जेवलात का, हो. गोळी घेतली का, हो. अण्णा हल्ली नूडल्सबद्दल काहीच बोलत नाहीत, असं बायको जेवताना सांगायची. मी विचारलं तर म्हणतात, त्यात काय सांगायचं. चाख्या ताटात बघायचा. भेटून आली की सांगायची, त्यांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागलेत, मनगटावरचं घड्याळ फिरतं. सगळा दोष ती गोळीला द्यायची. चाख्या हं म्हणायचा. एवढासा हं, पण तो म्हणताना त्याला स्वतःची घृणा वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हं म्हणायचा. ऑफिसात कुणी विचारलं, सासरेबुवांची प्रयोगशाळा काय म्हणते, तर त्याला खाली मान घालून उठून जावंसं वाटायचं.

एका सुट्टीच्या दिवशी, बायको कामाला गेल्यावर, तो दुकानात गेला आणि वाकून खालच्या फळीवरची पाकिटं घेतली. कुणी ओळखीचं बघत नाही ना, हे त्यानं दोनदा पाहिलं. तेच करून बघायचं, जमलं तर अण्णांकडे घेऊन जायचं, असा बेत होता. कढई तापली आणि मग त्याच्या लक्षात आलं की अण्णांच्या त्या घासात काय होतं हे त्याला आठवतच नाही. मीठ वर, तिखट उशिरा, शेवट बोथट, एवढंच आठवत होतं. लसूण होता का? अंडं होतं का? एवढी नावाजलेली जीभ, तिनं हिशेब तेवढा ठेवला आणि जेवण सोडून दिलं. शेवट बोथट का, तर लिंबू पडायचं होतं म्हणून. हे तर पोरालाही कळलं असतं. अण्णांना तोंड उघडून एवढं म्हणता आलं असतं, पण ते म्हणाले नाहीत.

अंदाजानं त्यानं काहीतरी रांधलं. एक घास घेतला, घोळवला आणि सिंकमध्ये थुंकला. नळ सोडल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. एकटाच होता, तरी त्यानं मागं वळून पाहिलं. मग हट्टानं दुसरा घास घेतला आणि गिळला. नूडल्स गिळायची घशाला सवयच नव्हती; ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

नेमकी त्या दिवशी बायको लवकर घरी आली. ओट्यावरची फाडलेली पाकिटं, टरफलं, करपलेली कढई बघून ती दारातच थबकली.

"अण्णांसाठी करतोयस?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली, आणि तिचे डोळेच भरून आले.

पर्स तशीच खांद्यावर ठेवून ती ओट्याशी आली. अण्णांनी फोनवर सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. आच मंद, आधी लसूण, मग पुडी, पाणी फेकून दे, धार बारीक धर, अरे बारीक. तिनं सांगितलं, त्यानं केलं. चूल बंद करून वरून लिंबू पिळलं आणि दोघांनी एकाच वाटीतून खाल्लं. चव अशी होती की चाख्याला शेरे सुचेनात. खालच्या फळीवरच्या त्या पाकिटात एवढं काही असेल, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याला तर नव्हतंच. बायको खाता खाता म्हणाली, हे असंच सांगायचे ते, अगदी असंच. मग म्हणाली की जावई मिळावा तर असा, स्वतःचे नियम मोडून सासऱ्यासाठी ओट्याशी उभा राहणारा. ते ऐकून भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तेव्हा सांगून टाकायचं होतं. ओठांवर आलंही. पण ती इतकी खूश होती, आणि तिच्या खुशीत तो इतका चांगला दिसत होता, की त्याच्यानं ते मोडवेना.

तूच जा घेऊन, ती म्हणाली. यातलं तुला कळतं, तुझं ऐकतील.

तो सामान घेऊन गेला. अण्णांनी दार उघडलं, या या केलं, खुर्ची पुसून दिली. टेबलावर त्यांची दुपारची वाटी अर्धी तशीच होती. खारट पाण्यात धागे. ना लसूण, ना अंडं. चाख्यानं विचारलं, हे काय, तर अण्णा म्हणाले की आता पाकिटावर छापलंय तसंच करतो. ते खरंच मनापासून म्हणाले, टोमणा नव्हता. "एवढी माणसं पगार घेऊन चव बघतात, त्यांना कळत नसेल होय? मी उगाच आपली त्यात बोटं घालत होतो."

चाख्यानं बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या ओट्याशी उभं राहून सगळं केलं, बायकोनं शिकवलं तसं. अण्णा बाजूला उभे राहून बघत होते. दोन वाट्या टेबलावर आल्या. तेव्हा अण्णांनी फडताळातून एक रिकामा पेला काढला, फडक्यानं पुसला आणि जावयाच्या उजव्या हाताशी ठेवला.

"संकोच करू नका," ते म्हणाले. "तुमच्या कामाची ती रीतच आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं."

चाख्यानं पेला दूर सरकवला आणि खायला लागला. अण्णा त्याच्या वाटीकडे बघत नव्हते, गळ्याकडे बघत होते. प्रत्येक घास खाली उतरतो की नाही ते ते बघत होते, आणि आपण बघतोय हे त्यांना कळत नव्हतं. वाटी चाटूनपुसून संपवून चाख्या म्हणाला की हे तुमचंच आहे, अण्णा, आणि त्या दिवशीचंही चांगलं होतं. फार चांगलं होतं.

"आता तुम्ही घरचे म्हणून बोलताय," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी बोललात ते कामातलं होतं. कामातलं खरं असतं. लिफ्टमध्ये माणसं चढवायची की नाही, हे मी कधी कुणाचं मन राखायला सांगितलं नाही."

चव घेतलीच नव्हती, असं म्हणावं तर तो आणखी मोठा अपमान. अण्णांनी स्वतःच्या वाटीतले दोन घास सभ्यपणे खाल्ले, छान झालंय म्हणाले आणि वाटी झाकून ठेवली. दाराशी पोचवायला आले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीला यातलं काही कळू देऊ नका. तिच्या घरात तिच्या बापाची वाटी अशी गेली हे तिला कळलं, तर ती तुमच्याकडेही धड बघायची नाही आणि माझ्याकडेही."

चाख्यानं शब्द दिला. जिना उतरताना त्याला पुन्हा हलकं वाटलं. आता गप्प बसायला म्हाताऱ्याचीच परवानगी होती. आजवर वाटलेल्या सगळ्या लाजेपेक्षा या हलकेपणाची लाज त्याला जास्त वाटली.

बायकोला त्यानं सांगितलं, दोन घास खाल्ले. तिनं ओठ घट्ट मिटले आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. ती गोळी आता बदलायचीच, तिचं ठरलं. चाख्यालाही बरोबर ओढलं, कारण अण्णा तिचं ऐकत नाहीत पण त्याचं ऐकतात, असा तिचा समज.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी अण्णांना वजनकाट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून भुवया वर केल्या. मग समजावून सांगितलं की या गोळीवर ठोके स्थिरावलेत, ही सोडून दुसरी धरायची म्हणजे पुन्हा अंदाजाचा खेळ. जमलं तर जमलं; नाही तर मधले काही दिवस बेभरवशाचे जातील, एखादा ठोका चुकला तो कायमचाच, असंही होऊ शकतं. पण माणूस जेवतच नसेल तर दुसरा इलाज काय? त्यांनी अण्णांना विचारलं, चव कधीपासून गेली.

"लेकीकडे राहायला गेलो होतो, तेव्हापासून," अण्णा म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं. बायको खुर्चीच्या काठावर येऊन बसली होती. म्हातारा चाख्याची अब्रू झाकायला स्वतःचं काळीज पणाला लावत होता, आणि तेही असं, की जणू बसमध्ये जागा देतोय. मी शब्द दिलाय, असं चाख्या मनाला सांगत होता. शब्द कसला, तो स्वतःची कातडी वाचवत होता, आणि हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं.

"थांबा," तो म्हणाला. "गोळी बदलू नका. त्यांच्या तोंडाला चव आहे."

तिघंही त्याच्याकडे बघायला लागली. त्यानं डॉक्टरबाईंच्या टेबलाकडे बघून सांगितलं, कारण दुसरीकडे कुठं बघणं त्याला शक्यच नव्हतं. "त्यांनी हौसेनं करून मला वाढलं. मी तो घास त्यांच्यासमोर थुंकलो. वर नावं ठेवली. तेव्हापासून ते जेवत नाहीत."

डॉक्टरबाईंनी अण्णांना विचारलं, असं आहे का. ते गुडघ्यावरची पँटची चुणी बोटानं सरळ करत होते, पुन्हा पुन्हा, आणि त्यांचे कान लाल झाले होते. उंच इमारतीच्या पोकळीत एका पट्ट्यावर लटकणारा तो माणूस, एका परक्या बाईसमोर जावयानं उघडा पाडल्यावर कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं. चाख्याला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. लाज आता दोघांची झाली होती, एवढाच फरक पडला.

गोळी तीच राहिली. बाहेरच्या बाकावर अण्णा सँडलचा पट्टा लावायला बसले आणि खाली बघतच म्हणाले, "मी गिळलं होतं ना, जावईबापू. तुम्हाला का नाही पोटात ठेवता आलं?"

"गोळी बदलली असती, अण्णा."

"बदलली असती. माझी होती ती."

बायको पुढे आली. ती वाकली, अण्णांच्या हातातून पट्टा घेऊन लावला, आणि उभी राहिली तेव्हा चाख्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी रोज सांगत होते," ती म्हणाली. "अण्णा बोलत नाहीत. अण्णा खात नाहीत. तू समोर बसून ऐकत होतास."

"हो."

"आणि मी तुला जावई मिळावा तर असा म्हटलं, तेही ऐकून घेतलंस."

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. तिनं अण्णांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली की चला, मी तुमच्याकडे येतेय राहायला. अण्णा घाबरले. अगं पण हे, असं म्हणत त्यांनी जावयाकडे पाहिलं. ती म्हणाली, त्याला करून खाता येतं.

ती दोघं जिना उतरू लागली. वळणावर अण्णा थांबले, मागं बघून म्हणाले, उन्हाचे उभे राहू नका, घरी जा. शेवटी जावई तो जावई. बायकोनं मागं पाहिलं नाही. चाख्याच्या हातात अण्णांच्या गोळ्यांची चिठ्ठी राहिली होती. खाली जाऊन त्यानं गोळ्या घेतल्या, आणि त्या द्यायला अण्णांच्या दारापर्यंत गेला. बायकोनं दार उघडलं, पुडकं घेतलं. कधी परत येणार, ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायला त्याला तोंड उरलं नव्हतं.